जोह्याचे गणपती आणि हँडब्रेकची केबल

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत, दादर या गावांतून गणपतीच्या मूर्ती बाहेर पडतात त्या बहुतांशी पिकअपमधून किंवा टेम्पोतून. शाडू बरा की प्लास्टर, रंग कोणते वापरावेत, विसर्जन कुठे करावं यावर गेली काही वर्षं पुष्कळ लिहून झालं आहे. ज्या गाडीच्या हौद्यात हा सगळा माल उभा राहून प्रवास करतो तिच्याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितं, आणि तिच्या हँडब्रेकविषयी तर नाहीच. जुन्या पिकअपचा हँडब्रेक पावसाळ्यात अडकू लागला की गॅरेजमध्ये एक झटपट उपाय सुचवला जातो. गाडीखाली सरकायचं, केबल सोडवायची किंवा सरळ कापायची आणि गाडी तशीच रस्त्यावर आणायची. चाक मोकळं फिरतं, मालकाचा दिवस वाया जात नाही, बिलही किरकोळ होतं. माझा आक्षेप केबल काढण्याला नाही. अडकलेली केबल काढलीच पाहिजे, ती दुरुस्त होण्यातली वस्तू नव्हे. आक्षेप आहे तो तिची जागा रिकामी ठेवण्याला. हे पैशांच्या ओढीने जितकं घडतं त्याहून जास्त एका उलट्या समजुतीने घडतं, असं मला वाटतं. समजूत अशी, की हँडब्रेक लावला की अडकतो, म्हणून तो लावूच नये. खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तो लावला जात नाही म्हणून अडकतो.

हे पटण्यासाठी आधी त्याची रचना पाहावी लागेल. पिकअपच्या मागच्या दोन्ही चाकांत ड्रम ब्रेक असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं पसरट भांडं. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू बसवलेले असतात. पायाचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने हे शू बाहेर ढकलले जातात आणि ड्रमला घासून चाक थांबवतात. हँडब्रेकही हेच शू वापरतो, पण तेलाची मदत न घेता. केबिनमधली दांडी ओढली की पुढची केबल ताणली जाते. चेसिसखाली इक्वलायझर नावाची एक पट्टी तो ताण दोन सारख्या वाट्यांत विभागते, तिथून दोन केबली डाव्या आणि उजव्या ड्रमकडे जातात, आणि ड्रमच्या आत केबलच्या टोकाला अडकवलेली छोटी लिव्हर वळून शू ड्रमवर दाबून धरते. दांडीच्या बुडाशी असलेले दाते आणि खटका तो ताण सुटू देत नाहीत. सगळा कारभार पोलादाने पोलाद ओढण्याचा आहे, आणि तो जाणूनबुजून तसा ठेवलेला आहे. तेलाचा दाब एखाद्या झिजलेल्या वॉशरमधून हळूहळू उतरू शकतो. ओढून खटक्यात अडकवलेली तार तासन्‌तास तशीच राहते. अनेक देशांचे ब्रेकचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीवर बेतलेले आहेत, त्या आर १३ मध्ये पार्किंग ब्रेकने चालक गाडीत नसतानाही निव्वळ यांत्रिक जोरावर गाडी धरून ठेवावी अशी अट आहे, आणि पूर्ण भरलेली एकटी गाडी १८ टक्क्यांच्या उतारावर थांबून राहिली पाहिजे अशीही. मालासकट ३ टन भरणारी पिकअप अशा उतारावर सुमारे ५३० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. इतका तीव्र उतार रोज कोणाला भेटत नाही हे मान्य. पण ५ टक्क्यांच्या, डोळ्यांना फारशा न जाणवणाऱ्या उतारावरही हा जोर दीडशे किलोच्या घरात जातो.

केबलीची युक्ती तशी जुनी आहे. अर्नेस्ट बाउडन याने १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि सायकलच्या ब्रेकपासून स्कूटरच्या क्लचपर्यंत तीच युक्ती आजही चालते. आत ओढली जाणारी पोलादी तार, तिच्याभोवती पोलादी पट्टीचं घट्ट वेटोळं, वरून प्लास्टिकचं आवरण. तार ओढली जाते तेव्हा वेटोळं तितक्याच जोराने दाबलं जातं, म्हणून केबल वळणावळणाने नेली तरी चालते. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा तार आणि वेटोळं यांच्यामधली बारीक पोकळी मोकळी असते. टोकांचे रबरी बूट फाटले किंवा आवरणाला एखाद्या दगडाने चीर पाडली की त्या पोकळीत पाणी शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट उरत नाही. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मोकळ्या पत्र्यावर तो पापुद्र्यासारखा सुटून पडेल, पण केबलीच्या आत त्याला पडायला जागाच नाही, त्यामुळे तो तारेला चहूबाजूंनी आवळतो. बाहेरून आवरण धड दिसत असताना आतली केबल पार जाम झालेली असते ती अशी.

आता हे सगळं पेणच्या खारेपाटात घडतं आहे हे लक्षात घ्या. धरमतरची खाडी, भरतीचं पाणी अडवणारे बांध, मिठागरं आणि त्यांच्या आसपासचे चिखलाचे रस्ते, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा रायगडचा पाऊस. मीठ स्वतः लोखंड खात नाही, पण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया त्या विजेच्या वाहण्यावरच चालते. शिवाय मिठातला क्लोराइड पृष्ठभागावरचा संरक्षक थर टिकू देत नाही. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि तिथल्या जुन्या पिकअपना नेमका हाच रोग होतो. त्यांच्याकडे मीठ नगरपालिका टाकते, आपल्याकडे खाडी. अशा हवेत केबल टिकवायची तर तिची हालचाल होत राहिली पाहिजे. दांडी ओढली-सोडली की आतली तार थोडी पुढे-मागे सरकते आणि नुकता धरू लागलेला गंजाचा पातळ थर खरवडला जातो. ड्रममधल्या लिव्हरच्या खिळीचंही तसंच. महिनोन्‌महिने दांडीला हातच लागला नाही तर तोच पातळ थर घट्ट होतो. मग एखाद्या दिवशी गरज पडून कोणी जोर लावून दांडी ओढतो, तार कशीबशी सरकते, पण शूची स्प्रिंग तिला परत ओढून आणण्याइतकी बळकट नसते. चाक धरून बसतं, ड्रम तापतो, शूवरच्या लायनिंगचा जळका वास येतो आणि सर्वांचं एकमत होतं की दोष हँडब्रेक लावण्याचा! त्या आधीच्या न वापरलेल्या महिन्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. काही गाड्यांत तर शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर आपोआप जुळवणारी यंत्रणाही हँडब्रेकच्या हालचालीवर चालते; तिथे हँडब्रेक बंद ठेवणं म्हणजे पायाचा ब्रेकही हळूहळू खोल जाऊ देणं.

यावर पहिला आणि सर्वात मोठा आक्षेप ठरलेला असतो. गाडी गिअरमध्ये टाकली आणि चाकाला दगड लावला की झालं, हँडब्रेक हवा कशाला? आधी गिअरचं पाहू. गिअरमध्ये उभी गाडी धरली जाते ती इंजिनातल्या दाबाने. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा पिस्टनला सहज वर येऊ देत नाही, इतकाच तो आधार. पण ही हवा कायमची कोंडलेली राहत नाही, पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून ती निसटत असते, आणि इंजिन जितकं जुनं तितकं निसटणं जास्त. म्हणून उतारावर गिअरमध्ये लावलेली जुनी भरलेली गाडी कधी कधी थांबत थांबत, एकेका हिसक्याने पुढे सरकते. शिवाय गिअरचा आधार चाकांपर्यंत पोचतो तो डिफरन्शिअलमधून, आणि खरा धोका तिथे लपलेला आहे. वळणावर आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून डिफरन्शिअल मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. त्याचा अर्थ असा, की मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट गिअरने कितीही घट्ट धरलेला असला तरी जमिनीवरचं दुसरं चाक मोकळेपणी फिरू शकतं. वर लटकलेलं चाक फक्त उलट दिशेने फिरतं. डिफरन्शिअलला लॉक नसलेल्या कोणत्याही मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हे घडतं.

याचा व्यवहारातला अर्थ पंक्चर झालं की कळतो. मूर्ती भरलेली पिकअप महामार्गाच्या कडेला उभी आहे, मागचं चाक बसलं आहे, आणि चालक जॅक लावतो. रस्त्याची कड पाणी वाहून जावं म्हणून कलती असतेच. ज्या क्षणी चाक जमीन सोडतं त्या क्षणी गिअरचा आधार संपतो. पुढच्या चाकांना उभं राहताना कसलाच ब्रेक नसतो, कारण हँडब्रेकही मागच्याच चाकांवर चालतो. मात्र हँडब्रेक दोन्ही ड्रम स्वतंत्रपणे धरतो. एक चाक हवेत असलं तरी जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला त्याने घट्ट पकडलेलं असतं, आणि डिफरन्शिअलचा त्याच्याशी संबंध येत नाही. केबल कापलेल्या गाडीत हे एकमेव धरणारं चाकही मोकळं असतं. मग उरतो दगड. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी नीट लावलेले लाकडी ठोकळे उत्तम काम करतात आणि हँडब्रेक चांगला असला तरी चाक बदलताना ते लावावेतच. पण आपल्या रस्त्यावर ठोकळा म्हणजे बहुधा जवळपास सापडेल तो दगड, पावसात भिजलेला, कधी गोल, कधी चाकापेक्षा लहान, चिखलात रुतण्याऐवजी घसरणारा. शिवाय तो लावण्यासाठी कोणीतरी खाली उतरून चाकापाशी वाकावं लागतं, आणि तोवर गाडी चालकाच्या पायाच्या ब्रेकवरच थांबलेली असते. बरोबर क्लीनर नसेल तर ही कसरत एकट्याला जमत नाही. दगड ही हँडब्रेकची जोड आहे, बदली नव्हे.

कोणी म्हणेल, जोहे-हमरापूर सगळं सपाट, खाडीकाठची गावं, इथे उतार आला कुठून? पण ही गाडी गावात राहण्यासाठी घेतलेली नसते. मुंबईकडे निघाली की कर्नाळ्याची खिंड, शहरात शिरली की उड्डाणपुलांवर तासभर रेंगाळणारी रांग. पुण्याकडे निघाली की खोपोलीहून बोरघाट. कोकणात उतरायचं तर वडखळ, नागोठणे ओलांडून सुकेळीची खिंड, आणि रोह्याकडे वळलं तरी वाट सगळी सपाट नाही. रांगेत उभ्या गाडीला चढावर दर मिनिटाला क्लचवर तोलून धरणं म्हणजे क्लच प्लेट जाळणं. हँडब्रेक लावून थांबणं आणि निघताना सोडणं ही पद्धत ड्रायव्हिंग शिकवताना पहिल्या आठवड्यात शिकवतात ती उगाच नाही. त्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट सपाटीवरचीच आहे. कारखान्याच्या दाराशी गाडी मागे लावून मूर्ती चढवताना हौद्यात माणसं चढ-उतर करत असतात, मूर्ती सरकवल्या जातात, पेंढा आणि दोऱ्यांनी आधार दिला जातो आणि प्रत्येक हालचालीने गाडी हलते. मोकळ्या चाकांची गाडी वीतभर मागे सरकली तरी तेवढं पुरे. हौद्याच्या कडेवर टेकवलेल्या मूर्तीचा कान किंवा बोट जातं. फळीवर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाचं काय जाईल ते सांगता येत नाही. प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा शाडूची मूर्ती जडही असते आणि ठिसूळही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून शाडूवर भर देण्याचे प्रयत्न चालले आहेत. माल जितका शाडूचा, तितकी गाडी स्थिर उभी राहण्याची गरज मोठी.

कायद्याचा मुद्दा थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण इथे आक्षेप घेणाऱ्याच्या हातात खरोखरच एक पुरावा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ उभ्या गाडीबद्दल आहे. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा गाडी आपोआप चालू पडणार नाही असे दुसरे उपाय केलेले असावेत, असं ते सांगतं. म्हणजे दगड लावणं हे बेकायदा नाही, हे मान्य करावंच लागेल. पण हे कलम गाडी उभी कशी करावी याबद्दल आहे, गाडी कशी असावी याबद्दल नाही. ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत येतं. नियम ९६ प्रमाणे मोटारसायकलीसारखे काही अपवाद सोडले तर गाडीला पार्किंग ब्रेक आणि पायाचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम यंत्रणा असाव्या लागतात. केबल कापलेल्या गाडीत दांडी आहे, दाते आहेत, दांडी ओढल्यावर डॅशबोर्डवर लाल दिवाही लागतो, कारण तो दिवा फक्त दांडी वर आहे की खाली एवढंच सांगतो. ब्रेक मात्र नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीचं पासिंग दर वर्षी करावं लागतं, आणि रायगडच्या एमएच ०६ गाड्यांचं परिवहन कार्यालय तर पेणमध्येच आहे. तुलनेसाठी सांगायचं तर, ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत नेहमीच्या दुहेरी ब्रेक व्यवस्थेच्या गाडीला हँडब्रेकने वजनाच्या किमान १६ टक्के जोर दाखवावा लागतो, रोलरवर मोजून. पासिंगपुरती केबल जोडून घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की कागदावर सही झाली म्हणून उतारावरची गाडी थांबत नाही.

तर केबल काढायची, पण नवी हातात घेऊनच. हे काम अवघड नाही, फक्त क्रम चुकवून चालत नाही, आणि क्रमामागचं कारण वरच्याच गोष्टीत आहे. ज्या गाडीचा हँडब्रेक काढायचा आहे तिची मागची चाकं उचलली की तिला धरणारं काहीच उरत नाही. म्हणून काँक्रीटची सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि जॅकने उचलल्यावर चेसिस किंवा अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर टेकवणं या तीन गोष्टी आधी. जॅक उचलण्यासाठी असतो, खाली माणूस असताना धरून ठेवण्यासाठी नव्हे. मग दांडी पूर्ण खाली सोडायची आणि इक्वलायझरजवळचा ताणाचा नट ढिला करायचा. जुन्या गाडीत हा नट सहजी फिरत नाही. त्याच्या आट्या तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल मारावं आणि रात्रभर मुरू द्यावं. घाईत पाना मारला तर नट गोल होतो किंवा बोल्ट तुटतो. गॅसची टॉर्च पेटवून नट लाल करायची सवय काही ठिकाणी असते. शेजारून ब्रेकच्या तेलाची आणि डिझेलची नळी जात असताना ती सवय महागात पडू शकते.

इथेच एक तपासणी करून घ्यावी, जी घाईच्या कामात हटकून राहते. इक्वलायझरपाशी ताण काढल्यावर दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहावीत. दोन्ही मोकळी झाली तर दोष पुढच्या केबलीत किंवा दांडीत आहे. एक मोकळं आणि एक अडकलेलं राहिलं तर त्या बाजूची मागची केबल किंवा ड्रमच्या आतली लिव्हर संशयित. अशा वेळी केबलीचं टोक लिव्हरमधून सोडवल्यावर लिव्हर हाताने हलते का ते पाहायचं. ती गंजून बसलेली असेल तर नवी केबल घालूनही पंधरा दिवसांत तीच तक्रार येणार, आणि ‘नव्या केबलीचाही उपयोग होत नाही’ हा समज आणखी पक्का होणार. केबलीचं टोक मोकळं झालं की तार हाताने ओढून सोडून पाहावी. ती बाहेर आली आणि परत गेलीच नाही, तर निदान पूर्ण झालं. एका बाजूची गेली असेल तर दुसरीचं वयही तेवढंच आहे, तेव्हा जोडीच बदलावी.

ड्रम काढणं हा या कामातला खरा त्रासाचा भाग. ड्रमच्या कडेवर झिजेमुळे आतून एक काठ उभा राहिलेला असतो आणि शू त्यात अडकतात. हबवरही गंज धरलेला असतो. हातोड्याने आडवेतिडवे घाव घातले तर बीड तडकतं. त्याऐवजी आधी शूचं अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यावेत. बऱ्याच ड्रमांना समोरून दोन आट्यांची भोकं असतात, त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत नेले की ड्रम सरळ बाहेर येतो. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासातून फुप्फुसात गेलं तर परत बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यावं, तोंडाला मास्क बांधावा. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे होती हे दुसऱ्या बाजूला पाहता येतं. केबलीचं टोक लिव्हरमधून निघालं की ड्रमच्या मागच्या प्लेटमध्ये तिला धरून ठेवणारे स्प्रिंगसारखे आकडे दिसतात. ते सगळे एकदम दाबले गेल्याशिवाय केबल मागे निघत नाही. स्क्रू ड्रायव्हरने एक दाबावा तर दुसरा उघडतो. केबलीच्या टोकावरून योग्य मापाचा रिंग पाना सरकवला की सगळे आकडे एकदम आत दबतात, आणि केबल मागून ओढता येते. ही युक्ती अनुभवी फिटरला माहीत असते, नवशिक्या तासभर शिव्या घालतो. पुढे चेसिसवरच्या आणि पाट्यांजवळच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगांजवळच्या, क्लिपा सोडवायच्या. गंजलेली क्लिप मोडली तर मोडू द्यावी, नवी मिळते; पण ती कुठे होती याची खूण खडूने करून ठेवावी. इतकं करूनही केबल निघत नसेल तर ती खुशाल कापावी. नवी समोर पडलेली असताना जुनी कापण्यात काहीच गैर नाही.

नवी केबल बसवताना ती जुन्या केबलीशेजारी जमिनीवर ठेवून लांबी आणि टोकं ताडून पाहावीत. डावी आणि उजवी पुष्कळदा एकसारख्या नसतात. मार्ग जुनाच ठेवावा. सायलेन्सरजवळून नेलेल्या केबलीचं प्लास्टिक भाजतं, आणि तीव्र वळण दिलेली केबल पहिल्याच पावसात रुसते. मालवाहू गाडीत आणखी एक गोष्ट असते. माल भरला की पाटे दबतात आणि अ‍ॅक्सल चेसिसच्या जवळ येतो. रिकाम्या गाडीत बरोबर दिसणारी केबल भरल्यावर ओढली किंवा दुमडली जात नाही ना, हे माल भरून एकदा खाली वाकून पाहावं. ताण जुळवताना आधी ड्रममधले शू जुळवायचे आणि मग केबल. शू ढिले ठेवून केबलीनेच सारा फरक भरून काढला तर दांडी तोंडावर घट्ट लागते पण धरत काही नाही. दांडी खाली असताना दोन्ही चाकं मोकळी, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खटक्यांत दोन्ही सारखी घट्ट, ही कसोटी. काही दिवसांनी तार किंचित बसते, तेव्हा पुन्हा एकदा जुळवावं. जुन्या केबलीत तेल, डिझेल ओतून ती ‘चालू’ करण्याबद्दल विचाराल तर आठवडा निघतो, पाऊस निघत नाही. आत तुटलेल्या धाग्यांना तेल जोडत नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. भर पावसात हँडब्रेक लावून गाडी चार दिवस उभी ठेवली तर शू ड्रमलाच गंजून चिकटतात, केबल कितीही नवी असो. हा अनुभव खरा आहे आणि हँडब्रेकबद्दलच्या भीतीचं मूळही बहुधा त्यात आहे. पण त्यावरून निष्कर्ष एवढाच निघतो, की गाडी दीर्घ काळ सपाट जागी उभी करायची तर हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, दोन चांगले लाकडी ठोकळे लावून ठेवावी. पाण्यातून आल्यावर लगेच उभी करायची असेल तर आधी थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवून ड्रम कोरडे करावेत. रोजच्या थांब्यांवर, माल चढवताना, चढावरच्या रांगेत, चाक बदलताना तो लावायचाच. लांब मुक्कामाला लावू नये हा सल्ला कधीच लावू नये असा ऐकला गेला, आणि तिथून सगळं बिघडलं.

राहिला गाडीच्या वयाचा मुद्दा. दोन-चार वर्षांत भंगारात जाणाऱ्या गाडीवर खर्च कशाला, असं विचारलं जातं. केबलींची जोडी आणि मजुरी मिळून मागच्या एका नव्या टायरच्या किमतीला पोचत नाही, आणि टायर गुळगुळीत झाला तर तो भंगारापर्यंत तसाच ओढू असं कोणताही शहाणा मालक म्हणत नाही. उलट गाडी जितकी जुनी तितकं तिचं इंजिन सैल, गिअरचा आधार कच्चा, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या म्हाताऱ्या. तेलाचा ब्रेक दगा देईल त्या दिवशी केबलीवर चालणारी ही दुसरी यंत्रणाच हातात उरते. चालत्या गाडीत तिचा जोर थोडा असतो, पण काहीच नसण्यापेक्षा तो पुष्कळ आहे.

गणपतीच्या फेऱ्या सुरू झाल्या की गाडीला एक दिवसाचीही उसंत मिळत नाही आणि गॅरेजवाल्यालाही नाही. तेव्हा दुरुस्ती म्हणजे कापाकापीच होणार. जोहे-हमरापुरातून माल उचलणाऱ्या पिकअपमालकांनी हे काम वैशाखात, रस्ते कोरडे आणि नट सुटण्याजोगे असताना करून घ्यावं, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी जवळच्या एखाद्या चढावर ती फक्त हँडब्रेकवर उभी करून पाहावी. कारखानदारांनीही मूर्ती चढवायला सुरुवात करण्याआधी चालकाला दांडी ओढायला सांगावं आणि गाडी मागून ढकलून बघावी. सरकली, तर त्या गाडीत मूर्ती चढवू नयेत.